देवांची नावे, माणसांची याने

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून नासाचा एक महाकाय अग्निबाण चंद्राच्या दिशेने झेपावला. मोहिमेचे नाव आर्टेमिस आणि अग्निबाणाच्या माथ्यावर बसवलेल्या यानाचे नाव ओरायन. ग्रीक पुराणांत आर्टेमिस ही शिकारीची देवता, अपोलोची जुळी बहीण. ओरायन हा तिच्यासोबत रानोमाळ हिंडणारा शिकारी. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालून आली ती भावाच्या नावाने. अर्ध्या शतकानंतर तीच वाट पुन्हा धरली गेली ती बहिणीच्या नावाने.

ज्या देवांची पूजा थांबून दीड हजार वर्षे उलटली, त्यांची नावे आजच्या सर्वांत प्रगत यंत्रांना का दिली जातात? ही केवळ सवय आहे, की त्या कथांचा आणि अंतराळप्रवासाचा काही आतला संबंध आहे? आणि ज्या आकाशावर साऱ्या माणसांचा सारखाच हक्क, त्यावर एकाच संस्कृतीचा एवढा ठसा असावा का? या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने हा आढावा घेतला आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. अंतराळयुगाने ग्रीक पुराणांतून पराक्रमाची नावे उचलली, पण त्याच पुराणांतले इशारे पुरेसे ऐकले नाहीत. आज त्या कथा पुन्हा वाचायच्या त्या मुख्यतः या इशाऱ्यांसाठी.

ग्रहांवर देव आले कुठून

ग्रह आणि देव यांची सांगड मुळात ग्रीकांची नव्हे, ती बॅबिलोनची देणगी आहे. तिथल्या ज्योतिषांनी शतकानुशतके ग्रहांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवल्या आणि प्रत्येक ग्रह एकेका देवाला वाहिला: गुरू मार्दुकला, शुक्र इश्तारला, मंगळ नेर्गलला, बुध नाबूला, शनी निनुर्ताला. ग्रीक लोक आधी ग्रहांना त्यांच्या तेजावरून ओळखत. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास त्यांनी बॅबिलोनच्या देवांशी मिळतेजुळते आपले देव त्या जागी बसवले. संहारक नेर्गलच्या जागी रणदेव आरेस आला, प्रेमदेवता इश्तारच्या जागी अफ्रोडाइटी आणि देवराज मार्दुकच्या जागी झ्यूस. रोमनांनी पुढे त्यांचेच मार्स, व्हीनस आणि ज्युपिटर केले. म्हणजे ज्या नावांना आपण सहज पाश्चात्त्य म्हणतो, त्यांच्या तळाशी आजच्या इराकमधल्या निरीक्षकांचे कष्ट आहेत.

नुसत्या डोळ्यांना दिसणारे ग्रह संपले तेव्हा नावांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल याने इंग्लंडमधील बाथ येथून एक नवा ग्रह पाहिला. त्याला राजा तिसरा जॉर्ज याचे नाव द्यावे, अशी हर्शेलची इच्छा होती. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे याने वेगळा विचार मांडला: ज्युपिटरचा बाप सॅटर्न, तर सॅटर्नच्या पलीकडे सॅटर्नचा बाप युरेनस असायला हवा. एका देशाच्या राजापेक्षा देवांची ही वंशावळ साऱ्या युरोपला अधिक मानवली. मराठी पंचांगांनी मात्र शोध लावणाऱ्याचा मान राखला. त्यांत हा ग्रह आजही हर्षल म्हणूनच येतो.

१८४६ मध्ये ल व्हेरिए याच्या गणिताच्या आधारे बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले याला आठवा ग्रह सापडला आणि त्याला सागरदेव नेपच्यूनचे नाव मिळाले. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तरुणाने प्लूटो शोधला. सूर्याच्या उजेडापासून इतक्या दूर असलेल्या या गोलाला पाताळाच्या राजाचे नाव द्यावे, ही सूचना ऑक्सफर्डमधल्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीची. तिच्या आजोबांनी ती एका खगोलशास्त्रज्ञाला कळवली आणि त्याने तारेने अमेरिकेला. या आजोबांचे भाऊ हेन्री मॅडन. १८७७ मध्ये असाफ हॉल याने मंगळाचे दोन उपग्रह शोधले, तेव्हा होमरच्या काव्यात रणदेवाबरोबर येणारे फोबोस आणि डायमोस, म्हणजे भीती आणि दहशत, ही नावे याच मॅडन यांनी सुचवली होती. युरोपातील शिकलेल्या घरांत होमर आणि ओव्हिड किती मुरलेले होते, हे एका घराण्याच्या या दोन पिढ्यांवरून कळते. आकाश ग्रीक नावांनी भरले याचे मुख्य कारण हेच आहे. दुर्बिणी ज्यांच्या हाती होत्या, त्यांच्या शाळांत या कथा शिकवल्या जात होत्या.

या परंपरेतील सर्वांत अचूक नामकरण अलीकडचे आहे. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे जवळजवळ प्लूटोएवढाच एक गोल सापडल्याचे जाहीर केले. त्याला ग्रह म्हणायचे की नाही, या वादातून २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोचे ग्रहपद गेले. त्यानंतर नव्या गोलाचे नाव ठरले एरिस. एरिस ही कलहाची देवी. लग्नमंडपात सोन्याचे सफरचंद टाकून देवींमध्ये भांडण लावणारी आणि त्यातून ट्रॉयचे युद्ध पेटवणारी.

मर्क्युरी ते आर्टेमिस

नासाच्या पहिल्या मानवी मोहिमेला १९५८ मध्ये मर्क्युरी हे नाव मिळाले. मर्क्युरी म्हणजे ग्रीकांचा हर्मिस, पायांना पंख असलेला देवांचा निरोप्या. १९६१ ते १९६३ या काळात एकेका माणसाला घेऊन या मालिकेची सहा उड्डाणे झाली. पुढची कूपी दोघांसाठी होती, म्हणून मोहिमेला मिथुन राशीचे नाव दिले गेले: जेमिनी. या राशीतले दोन ठळक तारे म्हणजे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ. आपल्याकडे ते पुनर्वसू नक्षत्र. एक मर्त्य, दुसरा अमर. कॅस्टर मेला तेव्हा पोलक्सने आपले अमरत्व त्याच्याबरोबर वाटून घेतले. वादळात सापडलेले खलाशी या जुळ्यांचा धावा करीत. मराठी वाचकाला इथे अश्विनीकुमार आठवतील: घोड्यांशी नाते असलेले जुळे देव, समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूला ऋग्वेदात वाचवणारे. दोन्ही परंपरांच्या मुळाशी एकच जुनी कथा असावी, असे पुराणकथांचे अभ्यासक मानतात. १९६५-६६ मधल्या जेमिनीच्या दहा मानवी उड्डाणांचे मुख्य काम होते दोन यानांची अवकाशात भेट घडवणे आणि ती एकमेकांना जोडणे. चंद्रावर जाऊन परत येण्याची सारी युक्ती या जोडणीवर अवलंबून होती. इतके समर्पक नाव क्वचितच सापडते.

अपोलो हे नाव नासाचे अधिकारी एब सिल्व्हरस्टीन यांनी १९६० मध्ये पुराणकथांचे पुस्तक चाळताना निवडले. सूर्यबिंबासमोरून रथ हाकणारा अपोलो या प्रचंड मोहिमेला शोभेल, असे त्यांना वाटले. जुन्या ग्रीक कथांत सूर्याचा रथ हाकतो तो हेलिओस. अपोलोकडे सूर्यपण पुढच्या काळात आले. मूळचा अपोलो भविष्यवाणीचा, संगीताचा, वैद्यकाचा आणि धनुर्विद्येचा देव. दुरून अचूक नेम धरणे ही त्याची खूण. पावणेचार लाख किलोमीटर दूर असलेल्या, सतत फिरणाऱ्या चंद्राचा वेध घेणाऱ्या मोहिमेशी हा धनुर्धर रथापेक्षाही अधिक जुळतो. या मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली आणि तिचा अभ्यास आजही चालू आहे.

आर्टेमिस हे नाव २०१९ च्या मे महिन्यात जाहीर झाले. अपोलोच्या काळात चंद्रावर गेलेले सगळे पुरुष होते. या वेळी स्त्रीही जाणार, हा त्या नावामागचा स्पष्ट विचार. आर्टेमिस दोन या मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांत क्रिस्टिना कोक यांचे नाव आले तेव्हा त्या विचाराला प्रत्यक्ष रूप मिळाले. ओरायन यानाचे नाव मात्र त्याच्या बऱ्याच आधी, २००६ मध्ये ठरले होते. या जोडीची कथा दुःखद आहे. एका पाठानुसार बहिणीचा ओरायनवरचा जीव अपोलोला सहन झाला नाही. समुद्रात दूरवर दिसणारा एक काळा ठिपका दाखवून त्याने तिला नेमबाजीचे आव्हान दिले. तिचा बाण चुकला नाही. तो ठिपका म्हणजे पोहणाऱ्या ओरायनचे डोके होते. शोकाने तिने त्याला ताऱ्यांत स्थान दिले. स्पर्धेच्या भरात आपण कशावर नेम धरतो आहोत हे न पाहणे, हा या कथेचा धडा आहे, आणि चंद्रावर आधी कोण पोहोचतो याची चुरस नव्याने सुरू असताना तो लक्षात ठेवावा असाच आहे.

गुरू, शनी आणि मंगळाचे परिवार

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार गोल दिसले. आपल्या आश्रयदात्या मेदिची घराण्याचे नाव त्याने त्यांना दिले. आज चालतात ती आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे जर्मन खगोलशास्त्रज्ञ सायमन मारियस याने १६१४ मध्ये सुचवली आणि सूचना मुळात केप्लरची असल्याचे त्याने नोंदवले. चौघेही झ्यूसच्या वासनेला बळी पडलेले. आयोला गाय व्हावे लागले, कॅलिस्टोला अस्वल. युरोपाला बैलाच्या रूपात आलेल्या झ्यूसने पळवले, गॅनिमीड या राजपुत्राला गरुडाने उचलून नेले. पुस्तकांतून यांना झ्यूसच्या प्रिया म्हटले जाते. कथा नीट वाचली तर या अपहरणाच्या आणि शिक्षेच्या कहाण्या आहेत, आणि त्या तशाच सांगायला हव्यात.

नासाने २०११ मध्ये गुरूकडे पाठवलेल्या यानाचे नाव जुनो ठेवले. जुनो म्हणजे झ्यूसची पत्नी हेरा. नवऱ्याने आपली कृत्ये झाकण्यासाठी ढगांचा पडदा ओढला, तर ती त्यातून आरपार पाही. जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचलेले हे यानही त्या ग्रहाच्या दाट ढगांखालची रचना, त्याचे गुरुत्व आणि चुंबकक्षेत्र मोजण्यासाठीच घडवले होते. आता लक्ष आहे युरोपाकडे. तिच्या बर्फाच्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असल्याचे भक्कम पुरावे आहेत. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये तिथे पोहोचेल. युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस हे यान गॅनिमीडसाठी २०२३ मध्येच निघाले आहे.

शनीच्या उपग्रहांना क्रोनसच्या, म्हणजे रोमनांच्या सॅटर्नच्या, पिढीतील टायटन आणि राक्षसांची नावे द्यावीत, अशी योजना विल्यम हर्शेलचा मुलगा जॉन याने १८४७ मध्ये मांडली. त्यातला एक एन्सेलाडस. देवांशी लढताना अथेनाने त्याच्यावर सिसिली बेट फेकले आणि तो एटना पर्वताखाली गाडला गेला. ज्वालामुखीचे फूत्कार म्हणजे त्याचे श्वास, अशी समजूत होती. २००५ मध्ये कॅसिनी यानाने पाहिले, तर अवघ्या ५०० किलोमीटर व्यासाच्या या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उसळत होते. जॉन हर्शेलला याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. योगायोगच, पण त्याने एका जुन्या कथेला नवा अर्थ दिला. या फवाऱ्यांत सेंद्रिय रेणू सापडले आहेत आणि सूर्यमालेत जीवसृष्टी शोधायच्या ठिकाणांत एन्सेलाडस आज अग्रभागी आहे.

मंगळावर ग्रीकांचा भूगोलच उतरला आहे. १८७७ मध्ये इटलीच्या स्किआपारेल्ली याने मंगळाचा नकाशा काढताना प्राचीन जगाची नावे वापरली. हेलास आणि एलिसियम ती त्याचीच. सूर्यमालेतील सर्वांत उंच ज्वालामुखी, सुमारे २२ किलोमीटर उंचीचा, देवांच्या पर्वताचे नाव मिरवतो: ऑलिंपस मॉन्स. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलेल्या आपल्या मंगळयानाने त्या भूमीची आणि फोबोस-डायमोसची छायाचित्रे पाठवली.

सूर्यमालेच्या काठावरचे नाट्यही याच पुराणातले. प्लूटोचा मोठा उपग्रह कॅरन, म्हणजे मृतांना नदीपार नेणारा नावाडी. त्याला उताराई देण्यासाठी ग्रीक लोक मृताच्या तोंडात नाणे ठेवीत. १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्स यानात टॉमबॉ यांच्या अस्थींचा अंश होता आणि एक नाणेही होते. पाच अब्ज किलोमीटरवर पाठवलेल्या यंत्रातही माणसाने आपल्या मृताचा प्रवास असा पुरा केला.

शस्त्रांची नावे आणि थुंबाची विजयादेवी

या इतिहासाची दुसरी बाजू युद्धाची आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांना कक्षेत नेणारा अॅटलस आणि जेमिनीच्या कूपी उचलणारा टायटन हे दोन्ही अग्निबाण मुळात अण्वस्त्रे वाहून नेण्यासाठी बनवलेले. पुराणात अॅटलस हा पराभूत टायटन; आकाश खांद्यावर तोलून धरण्याची शिक्षा भोगणारा. शस्त्राला त्याचे नाव देताना फक्त त्याचे बळ पाहिले गेले, त्याची शिक्षा नव्हे.

भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवातही या नामावळीशी जोडलेली आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकी बनावटीचा नायकी-अपाची होता. नायकी ही ग्रीकांची पंखधारी विजयदेवता आणि तिच्या नावाचा खालचा टप्पा विमानविरोधी क्षेपणास्त्रांतून आलेला. विक्रम साराभाईंनी त्या शस्त्राच्या अंगाचा उपयोग वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासासाठी करून घेतला. पुढे १९ जून १९८१ रोजी अॅपल हा आपला दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानातील कूरू येथून एरियानने नेला, आणि नंतर इन्सॅट मालिकेतील कितीतरी उपग्रहही. एरियान म्हणजे चक्रव्यूहात शिरणाऱ्या थीसिअसच्या हाती परतीचा दोरा देणारी राजकन्या अरिअॅडनी. एरियानच्या व्हायकिंग इंजिनावर फ्रान्समध्ये काम करून आपल्या अभियंत्यांनी विकास इंजिन घडवले. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ला उचलणाऱ्या अग्निबाणातही विकास इंजिने होती. आपल्या हाती आलेला दोरा आपण नीट धरला, हे अभिमानाने सांगावे.

रथ, पंख आणि न ऐकलेला सल्ला

ग्रीक कथांत उंच उडण्याची ओढ आहे आणि त्याच श्वासात तिची किंमतही आहे. मर्यादा विसरणारा उन्माद हा ग्रीकांच्या लेखी सर्वांत मोठा अपराध. हेलिओसचा मुलगा फेथॉन एक दिवस सूर्याचा रथ हाकायला मागतो. घोडे आवरत नाहीत, पृथ्वी होरपळू लागते आणि झ्यूस त्याला विजेने खाली पाडतो. १९८३ मध्ये सापडलेल्या, सूर्याच्या सुमारे दोन कोटी किलोमीटर इतक्या जवळ जाणाऱ्या लघुग्रहाला म्हणून फेथॉन हे नाव मिळाले. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतून पडताना दिसणाऱ्या उल्का या फेथॉनपासून सुटलेल्या कणांच्या आहेत.

इकारसची गोष्ट सर्वांना माहीत आहे: मेणाने जोडलेले पंख, सूर्याच्या फार जवळ जाणे, समुद्रात पडणे. त्या कथेतला बाप मात्र आपण विसरतो. डीडलसने तेच पंख लावले आणि तो सुखरूप उतरला. कथा उडण्याविरुद्ध मुळीच नाही. साधनाची मर्यादा ओळखणारा आणि न ओळखणारा यांच्यातला फरक ती सांगते. पार्कर हे सौरयान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले आणि साडेअकरा सेंटिमीटर जाडीच्या कार्बनच्या ढालीआड त्याची उपकरणे शाबूत राहिली. डीडलसचा मार्ग तो हा: उष्णता आधी मोजायची, मग पंख बांधायचे.

इकारसची चूक घडली तेव्हा काय झाले, तेही नोंदले गेले आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या जमिनीवरील चाचणीत आग लागली. कूपीत शुद्ध प्राणवायू भरलेला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे होते. ग्रिसम, व्हाइट आणि चाफी हे तिघे बाहेर पडू शकले नाहीत. २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेची कथा तर थेट ग्रीक शोकांतिकेसारखी आहे. आदल्या रात्री रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते बजावत होते की एवढ्या थंडीत रबरी कड्या ताठरतील आणि सांध्यांतून वायू निसटेल. वरिष्ठांनी ऐकले नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जण गेले. ट्रॉयच्या राजकन्येला, कॅसान्ड्राला, अपोलोने भविष्य जाणण्याचे वरदान दिले होते. तिने त्याला झिडकारले तेव्हा शाप दिला की तुझे बोलणे खरे ठरेल, पण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक मोठ्या संस्थेत अशी कॅसान्ड्रा असते. २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या पंखाला लागलेल्या फेसाच्या तुकड्याबद्दलही अभियंत्यांनी काळजी व्यक्त केली होती. त्या यानात कल्पना चावला होत्या. अपोलोचे नाव आपण यानाला दिले; कॅसान्ड्राचे नाव प्रत्येक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर हवे.

वर जाऊन दिसलेली पृथ्वी

हेसिओडच्या काव्यात आदिम पोकळीच्या पाठोपाठ जन्मते ती गाया, पृथ्वी, आणि तारांकित आकाश म्हणजे युरेनस हा तिचा मुलगा. आकाश पृथ्वीतून जन्मले, ही कल्पना अंतराळयुगाने आपल्या परीने खरी केली. १९६० च्या दशकात जेम्स लव्हलॉक नासासाठी मंगळावरील जीवसृष्टी ओळखण्याच्या पद्धतीवर काम करीत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की पृथ्वीचे वातावरण जीवांनीच घडवलेले आणि टिकवलेले आहे. कादंबरीकार विल्यम गोल्डिंग यांच्या सूचनेवरून त्यांनी या विचाराला गाया हे नाव दिले. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ मधील अंतराळवीरांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र घेतले आणि पर्यावरणाच्या चळवळीला तिची सर्वांत बोलकी प्रतिमा मिळाली. २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपीय गाया यानाने दोनशे कोटींच्या आसपास ताऱ्यांची स्थाने मोजली. दूर जाण्याचा सर्वांत मोठा लाभ घराचे मोल कळण्यात झाला, असे मी मानतो.

आकाश कोणाचे

उरतो हक्काचा प्रश्न. महाराष्ट्राला तो नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला तो मृग नक्षत्राला धरूनच. तिथे ग्रीकांना शिकारी दिसला. आपल्याकडे हरणाचे रूप घेतलेला प्रजापती आणि त्याला बाण मारणारा रुद्र. टिळकांचा कालनिर्णय सर्वमान्य झाला नाही, पण दोन संस्कृतींच्या आकाशकथा शेजारी ठेवून वाचण्याची त्यांची रीत आजही मोलाची आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात ग्रीक आणि भारतीय ज्योतिषाच्या देवघेवीचा प्रश्न कसून तपासला. ही तपासणी अभिनिवेशाशिवाय करता येते, हे या परंपरेने दाखवले आहे.

आकाश आता खुले होत आहे. शुक्रावरील वैशिष्ट्यांना स्त्रियांची आणि देवींची नावे देण्याचा नियम आहे. तिथे अफ्रोडाइटीच्या नावाची भूमी आहे, इश्तारची आहे आणि लक्ष्मीच्या नावाचे पठारही आहे. शुक्रावरच्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आणि वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी पुण्यात निधन पावलेल्या या मुलीचे ते स्मारक ३४ किलोमीटर रुंद आहे. मुंबईच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावाचेही विवर तिथे आहे. नेपच्यूनपलीकडच्या गोलांत हवाईची हौमेआ, रापा नुईचा माकेमाके आणि आपला वरुण आहे. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून बिभा आणि त्याच्या ग्रहाला संतमस असे नाव मिळाले. चांद्रयान-३ च्या अवतरणस्थळाचे शिवशक्ती हे नाव आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

या साऱ्याचा निष्कर्ष सरळ आहे. ग्रीक देव आकाशात टिकले ते त्यांच्या कथांत माणसाची धाव आणि त्याची चूक दोन्ही प्रामाणिकपणे सांगितली आहे म्हणून. आणि ते तिथे पोहोचले ते त्या कथा शिकलेल्या लोकांनी रात्री जागून वेध घेतले म्हणून. नाव सुचवण्याचा मान शोध लावणाऱ्याला मिळतो, हा आजचाही नियम आहे. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की मुलांना मृगाची कथा सांगा, ओरायनचीही सांगा, आणि मग त्यांना दुर्बिणीपाशी बसवा. आपल्या कथा आकाशात हव्या असतील, तर आकाशाचा अभ्यास करणारी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत.